थांबवून ठेवू नये माणसाला

मढवीबाईंकडे पोहे खायला गेलात तर ते कच्चे मिळतात. पाहुणा चपला काढतो तोवर बशी त्याच्या हातात. बटाटा दाताखाली करकरतो आणि बाई समोर बसून म्हणतात, "थांबवून ठेवू नये माणसाला." लग्नाला पोचतात तेव्हा हॉलवाला झाडू मारत असतो. राहतात डोंबिवलीला, पण ठाण्याला नौपाड्यातल्या आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचं कुलूप रोज त्याच उघडतात.

एचआयव्हीची पहिली चाचणी आम्ही करायचो. तिच्यात शंका आली, की पक्क्या चाचणीसाठी रक्त बाहेर जायचं आणि रिपोर्टला आठ-दहा दिवस लागायचे. तेवढे दिवस माणूस धड आजारी नाही, धड बरा नाही. बाईंना हे बघवायचं नाही. ही चाचणी इथेच करा, म्हणून त्या मोठ्या डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागल्या. डॉक्टर म्हणायचे, "मढवी मॅडम, महिन्याला दोन-चार पेशंट. किट वाया जातील. आठ दिवसांत काय बिघडतं?"

एकदा डॉक्टरांनी स्वतःची साखर तपासायला दिली. बाईंनी तासाभरात रिपोर्ट काढला, खणात ठेवला आणि सांगितलं, "सर, बाहेर पाठवलंय." तीन दिवस डॉक्टर लॅबच्या पायऱ्या झिजवत होते. चहा बिनसाखरेचा झाला. चौथ्या दिवशी बाईंनी कागद पुढे केला. साखर अगदी ठीक होती.

"सर, ही नुसती साखर होती."

डॉक्टर भडकले. पण पुढच्या महिन्यात किट आले.

पहिल्या दिवशी दिवा स्टेशनजवळ राहणारं एक जोडपं आलं. बाकाच्या दोन टोकांना बसलेलं, मध्ये तिची पर्स. दुपारीच रिपोर्ट दिला. काय आला ते सांगणार नाही, तो त्यांचा. जाताना पर्स त्याच्या खांद्यावर होती.

मी म्हटलं, "मॅडम, जिंकलात."

बाई हात धूत राहिल्या. "अगं, आमच्या ह्यांचंही असंच झालेलं. ऑपरेशनच्या आधी. अकरा दिवस लागले रिपोर्टला. मी त्यांचं ताट वेगळं काढलं. ताटाने काही होत नाही, हे लोकांना सांगणारी मी."

"आणि रिपोर्ट?"

"चांगला आला. ताट मी परत सगळ्यांत ठेवलं. पण हे जाईपर्यंत रोज तेच शोधून घ्यायचे. बोलले कधीच नाहीत. आज माफी मागू, उद्या मागू, करत राहिले मी. त्यांनाच थांबवून ठेवलं बघ."

मग त्यांनी डबा उघडला. मी पोहे सगळे खाल्ले, बटाट्यासकट.