वाजणारा पाय

पाय कुरकुरत नाही, अशी तक्रार घेऊन रहिमतपूरहून सांगली गाठणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी दिनकरतात्या.

तात्या फौजेत ड्रायव्हर होते. लडाखच्या घाटांत ट्रक चालवले, कुठे खरचटलं नाही. पेन्शन घेऊन गावी आले आणि भर बाजारात उसाची ट्रॉली उलटून डावा पाय गुडघ्याखाली गेला. त्या जागी सांगलीत बनवलेला पाय बसला. मांडीला चामड्याचा पट्टा, गुडघ्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी बिजागऱ्या. तात्या त्याला 'गाडी' म्हणत. गाडी निघाली की बिजागऱ्या कुईकुई वाजत आणि सगळ्या गल्लीला तात्या निघाल्याचं कळे. कोणी तेलाची बुधली घेऊन पुढे आला की तात्या त्याच्या अंगावर जात. "हात लावू नगंस! वाजतीया म्हंजी चालू हाय."

तेल सोडलं तर बाकी बडदास्तीला सुमार नव्हता. रोज सकाळी ओट्यावर 'परेड' चाले. पट्टे ओढून बघायचे, खिळे दाबून बघायचे, धुतलेले मोजे उन्हात पसरायचे. मग आरसा धरून उरलेल्या पायाचं टोक तपासायचं. जरा काही दिसलं की मला हाक.

"आवं मास्तर, ह्ये तांबडं हाय का मलाच दिसतंय?"

"ढेकूण चावला असेल, तात्या."

"ढेकनाचं सोडा. फोड आला तर गाडी बंद. चिघळला तर डाक्टर गुडगाबी घेत्याल. मग मी खाटंवर. मग हिचं कोण बघणार?"

'ही' म्हणजे अक्का. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मूलबाळ नाही. चूल त्या सवयीने सांभाळत, पण पाणी भरणं, बाजारहाट, डोळ्यांत थेंब घालणं, सगळं तात्यांकडे. त्यामुळे त्या तांबड्या ठिपक्याची मी थट्टा करी खरी, पण चष्मा लावून तो पुन्हा एकदा नीट बघून घेई.

खंडेनवमीला तात्यांनी पहार, पान्हा आणि कोयत्याच्या शेजारी पाय पूजेला मांडला. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी हलवायचं नाही. त्यामुळे गाडी बंद आणि तात्या दिवसभर खाटेवर. तोंड मात्र एक मिनिट बंद नाही. "मी हितं हाय गं. आता कुशीवर वळलो. आता तंबाखू मळतूय." मी विचारलं, "तात्या, रेडिओवर क्रिकेट सांगतात तसं हे काय चाललंय?" म्हणाले, "येळ जात न्हाई."

त्या थंडीत उरलेला पाय बारीक झाला, तो ज्यात बसे तो साचा ढिला पडला आणि घासून घासून खरंच फोड आला. डॉक्टरांच्या हुकमाने पाय कोपऱ्यात गेला आणि घरात कुबड्यांची ठकठक सुरू झाली. रात्री अंथरुणावर पडलो की भिंतीपलीकडून ती ऐकू येई आणि मला झोप लागत नसे.

अखेर जखम भरल्यासारखी वाटली, तशी आम्ही सांगलीला निघालो. मी चपला घालत होतो, तेवढ्यात अक्कांनी चाचपडत माझा हात धरला. "मास्तर, कापत्याल का वो?" मी म्हटलं, "छे!" मला तरी कुठे ठाऊक होतं?

डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि जखम भरली म्हणाले. कारागिराने नवा साचा बसवला. तात्या सुटकेने इतके खूश झाले, की स्टँडच्या कलकलाटात दुसरं काही आमच्या ध्यानातच आलं नाही.

संध्याकाळी आम्ही गल्लीत शिरलो. अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्या चपलांच्या आवाजाने त्यांनी मान वर केली.

"मास्तर? एकलंच आलासा?"

मी बोलणार, तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचं सूप खाली गेलं. "ठेवून घेतलं व्हय त्यास्नी? कापला?"

तात्या त्यांच्या पुढ्यातच उभे होते. कारागिराने आपलेपणाने बिजागऱ्याही नव्या घातल्या होत्या. तात्या कसेबसे खाली बसले आणि त्यांनी अक्कांचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला.

"हाय की गं. हितंच हाय."

अक्कांनी गुडघा चाचपला, पट्टा चाचपला, मग तात्यांचं तोंड चाचपलं. "मग असं मुक्यानं का आलासा?" म्हणाल्या आणि रडू लागल्या. मला तिथे थांबवेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आम्ही परत सांगलीत. कारागीर घाबरला. "काय झालं तात्या? दुखतंय?"

"दुखत न्हाई. वाजत न्हाई."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जुन्या बिजागऱ्या टाकल्या नसतील तर त्याच बसवा." भंगाराच्या डब्यात सापडल्या. तात्यांनी त्या कानाशी धरून हलवून पाहिल्या आणि मगच बसवू दिल्या.

परतताना कोपऱ्यावर वळलो, तशी कुईकुई गल्लीभर घुमली. अक्का शेंगाच फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, हात थांबवला नाही.

"लय उशीर केलासा," एवढंच म्हणाल्या आणि ओट्यावर जरा सरकून बसल्या.