आप्पा आणि माळावर पडलेलं विमान

आमच्या शेजारचे आप्पा कुणाच्याबी दारात गेले की राम राम न्हाय, काय न्हाय, आधी सुताचं टोक हातात देत्यात. "धर. आता विमान कुठनं आलं, हात करून दाव."

मग दावलेल्या दिशेला सूत ओढत जात्यात. आप्पा वडगावातले विणकर, सुताशिवाय दुसरं काय हाय त्यांच्याकडं? लढाईत येळ्ळूरच्या वाटंला माळावर मिलिटरीचं विमान पडलं, त्याला वरीस होऊन गेलं, पण आप्पांचं संपंना. समद्यांची सुतं जिथं एकमेकावर चढतील तिथं विमान वाकडं झालं, असा त्यांचा हिशोब. चढतील कशाला! एकाचं गेलं पाटलाच्या म्हशीच्या शिंगाला, एकाचं आमच्या पाळण्यावरनं. पोर सूत तोंडात घालून चघळाय लागलं, मी वरडले, तर आप्पा म्हंत्यात, "गप गं सुमे, साक्ष तुटंल!"

हसू येतं, पण भ्याबी वाटतं. घराघरात त्या विमानाचा पत्रा हाय. कुणी ताट ठोकून घेतलं, कुणी घमेलं. मिलिटरीवाले हुडकाय आले तवा समद्यांनी ज्वारीच्या कणगीत दडवलं. मालक मला म्हणाले, "म्हाताऱ्यापुढं तोंड उघडलंस तर बघ. सरकारात सांगंल."

आप्पा चावडीतबी गेलते, पंचनामा वाचून घेतला. त्यात जळालेली ज्वारी लिहिलीया, मोडलेली बाभळ लिहिलीया, आतला माणूस न्हाय. "बाभळीपेक्षा हलका हुता व्हय गं?" म्हणाले.

त्यांना पत्रा नगंच हुता. शेवटी एकच इचारत्यात, "त्या पडलेल्याला पाणी कुणी पाजलं?" त्यांचा पोरगा पलटणीत हुता. ब्रह्मदेशाकडं विमानातनं गेलता, विमानासंगट कुठं पडला ते कळलंच न्हाय. आप्पांना पाण्याचंच ऐकायचं हाय हे गावाला म्हाईत झालं आन समदेच पाणी पाजाय लागले! एक म्हंतो तांब्यानं, एक म्हंतो ओंजळीनं, एक तर म्हंतो, "मी च्या दिला आप्पा!" आप्पांनी त्याचं सूत गपचिप गुंडाळलं.

काल दुपारी माझ्याकडं आले, मोकळ्या हातानं. "सुमे, तू तवा तिथं बांधाकडंला तण भांगलत हुतीस. बाईमाणसाला काय कळतंय म्हणून तुला इचारलं न्हाय. सांग."

मालकाचं भ्या वाटलं, तरी बोलले. "कोण गेलं न्हाय आप्पा. जाळ लई हुता. थोडा येळ आवाज येत हुता आतनं. लोक पत्रा निवायची वाट बघत बसलते."

आप्पा उंबऱ्यावर बसले. म्हणाले, "मग तिकडंबी असंच झालं असंल."

मी पोराला उचललं, तोंडात आलं ते बोलले, "असं कसं आप्पा, तिकडं कुणीतरी बाई धावत आली असंल की, पाणी घिऊन."

आप्पा झटक्यानं वळले.

"आलती? कुणी बघिटलं गं?"