पाइप दिसला की थांबा

"माझ्या हाताखालून गेलेला माणूस गाडी लावताना चुकला असं एक उदाहरण दाखवा, मिशी काढून देतो," असं मास्तर गेली सव्वीस वर्षं सांगत आले होते. मिशी अजून जागेवर होती.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी चालवायला शिकवणारे. त्यांच्या घराच्या उजव्या अंगाला रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत फरशी घातलेली एक लांबट जागा होती. घरात सगळे तिला पट्टी म्हणत. एक गाडी जेमतेम मावेल एवढी. तोंडाशी पूर्वी फाटक होतं, पण शिकाऊ मंडळींनी ते तीनदा आडवं केल्यावर मास्तरांनी ते काढून माळ्यावर टाकलं. या पट्टीत गाडी मागे घेत नीट लावता आली की माणूस तयार झाला, असा त्यांचा दंडक. पट्टी अरुंद आहे म्हणून कोणी कुरकुरलं, तर मास्तर एवढंच म्हणत, "नाचता येईना अंगण वाकडं."

पद्धतही त्यांची स्वतःची होती. तोंडाने सांगून माणूस शिकत नाही, अडला की शिकतो, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. म्हणून धडा चालू असताना काही न बोलता ते गाडीमागे बादली नेऊन ठेवायचे, मध्येच चेंडू सोडायचे, कधी स्वतःच आडवे उभे राहायचे. शिकणारा वेळेवर थांबला तरी शाब्बासकी नाही. नुसती मान हलवायची. शिकवणी संपली की मात्र मास्तरांना भरून यायचं आणि शेवटच्या दिवशी ते प्रत्येकाला सांगायचे, "रोज संध्याकाळी इथे येऊन गाडी लावत जा. जागा तुमचीच समजा." आता हे म्हणजे 'या की एकदा घरी' म्हणण्यासारखंच झालं. सव्वीस वर्षांत कोणी आलं नव्हतं.

मग शेजारच्या बाईंनी गाडी घेतली.

बाई गणित शिकवायच्या. शाळा पाठीमागच्याच गल्लीत, त्यामुळे जायच्या चालतच. मास्तरांच्या मुलाला गणितात काठावर आणून सोडलं ते बाईंनीच, आणि तेव्हापासून त्या समोर आल्या की मास्तर नकळत शर्टाचं वरचं बटण लावायचे. गाडी शिकायला त्या मास्तरांकडेच आल्या. दोन महिने प्रत्येक पायरी वहीत लिहून घेतली, परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्या आणि पंधरवड्यात एक छोटी पिवळी गाडी घेऊन आल्या. त्या संध्याकाळी त्यांनी ती मास्तरांच्या पट्टीत मागे घेत सुरेख लावली, खाली उतरल्या आणि ओसरीवर बसलेल्या मास्तरांना विचारलं, "बरोबर आहे ना?"

नवी गाडी दाखवायला आल्या असतील, असं वाटून मास्तरांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी तिथेच. दुपारी तिथेच. संध्याकाळी पाचाच्या ठोक्याला बाईंनी ती बाहेर काढली, अर्धा तास फिरवली आणि साडेपाचला परत आणून पट्टीत लावली. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडा झाला, तेच. मास्तरांची शिकवणीची गाडी रस्त्यावर दिव्याच्या खांबाखाली, आणि वर तारेवर पाखरांची शाळा. रोज सकाळी बादलीभर पाणी घेऊन टप धुताना मास्तरांना समोर काय दिसायचं, तर बाईंच्या घराची स्वतःची पट्टी. अशीच फरशी, एवढीच रुंदी. तिथे दोरीवर चादरी वाळत होत्या!

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"स्वतःच्या जागेत चादरी आणि दुसऱ्याच्या जागेत गाडी? हे कुठलं गणित?"

"अहो, मग सरळ जाऊन सांगा ना," बायको म्हणाली.

"सांगून कोणी शिकतं का? अडल्याशिवाय कळत नाही माणसाला."

"मी सांगू?"

"तू मध्ये पडू नकोस. मी माझ्या पद्धतीने बघतो."

त्यांनी आधी पाटी लावली. 'खाजगी जागा. परवानगीशिवाय गाडी लावू नये.' अक्षरं वीतभर, लाल. संध्याकाळी बाई आल्या, गाडी लावली, पाटी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "हे बरं केलंत हं, मास्तर. हल्ली कोणीही कुठेही गाडी लावतं." आणि किल्ली बोटाभोवती फिरवत निघून गेल्या. मास्तर ओसरीवर दातओठ खात बसले. एवढा निगरगट्टपणा त्यांनी बस चालवणाऱ्यांतही पाहिला नव्हता.

दोन दिवसांनी मास्तरांनी गच्चीवरच्या नऊ कुंड्या खाली आणल्या. एकट्याने. कंबरेने तक्रार केली, तिकडे लक्ष दिलं नाही. पाच वाजता पट्टी रिकामी होताच त्यांनी त्या नागमोडी मांडल्या, अशा की मांजरसुद्धा विचार करून आत शिरलं असतं. साडेपाचला बाई आल्या. थांबल्या. काच खाली करून त्यांनी मिनिटभर कुंड्यांकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि गाडी उलटी घातली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एका कुंडीचं पानसुद्धा हललं नाही. गाडी लागली. बाई घाम पुसत उतरल्या.

"अवघड होतं," त्या म्हणाल्या. "पण जमलं ना?"

संतापाने मास्तरांची मान थरथरायला लागली. बाईंना तेवढं पुरलं. खुशीत घरी गेल्या.

"मला हिणवतात त्या!" मास्तर घरात शिरत ओरडले. "माझ्याच घरात, माझ्याच नाकावर टिच्चून!"

"छान लावली पण," खिडकीतून बाहेर बघत बायको म्हणाली. तिच्याशी मास्तर त्या दिवशी जेवणापर्यंत बोलले नाहीत.

शेवटचा उपाय म्हणून ते स्वतःच पट्टीच्या मधोमध खुर्ची टाकून, वर्तमानपत्र उघडून बसले. बघू कशी येते गाडी! गाडी आली, आणि खुर्चीपासून दोन हातांवर थांबली. बाईंनी इंजिन बंद केलं. हॉर्न नाही, हाक नाही. पिशवीतून वह्यांचा गठ्ठा काढून त्या आतच तपासत बसल्या. अर्धा तास गेला. मास्तरांचं वर्तमानपत्र वाचून संपलं, मग जाहिराती संपल्या. दुपारपासून रागाच्या भरात तीन कप चहा झाला होता आणि आता तो चहा आपली आठवण करून देऊ लागला. मास्तरांनी एक पाय दुसऱ्यावर टाकला, मग दुसरा पहिल्यावर. शेवटी उठावंच लागलं. दोन मिनिटांत परत येऊन बघतात, तर पिवळी गाडी जागेवर, खुर्ची मिटून भिंतीला टेकवलेली आणि तिच्यावर वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी.

मास्तरांना त्या घडीचा सगळ्यात जास्त राग आला.

अशातच सोमवारी परवाना कार्यालयाचं पत्र आलं. शिकवणीच्या परवान्याचं नूतनीकरण. शुक्रवारी सायंकाळी सव्वापाच वाजता साहेब तपासणीला येतील, त्या वेळी शिकवणीची गाडी चालकाच्या स्वतःच्या, रस्त्याबाहेरच्या जागेत उभी असली पाहिजे. नसल्यास परवाना रद्द. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. परवाना गेला म्हणजे सव्वीस वर्षांचं काम एका संध्याकाळी गेलं. दुसरं काही त्यांना येतही नव्हतं.

"आता तरी बाईंना सांगा," बायको म्हणाली. या वेळी तिचा आवाज हळू होता.

"काही नको. पाच वाजता ती बाई गाडी काढते. पाच वाजून एक मिनिटाने माझी गाडी आत. सव्वापाचला साहेब. साडेपाचला ती परत येईल तेव्हा बघेल, जागा कोणाची ते!"

इतकी सोपी योजना आपल्याला तीन आठवडे सुचली कशी नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

शुक्रवारी पाचाच्या ठोक्याला पिवळी गाडी बाहेर पडली आणि कोपऱ्यावरून वळली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून रस्त्यावर धावले, आपल्या गाडीचं दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला आणि वाट बघू लागले. अर्धं मिनिट गेलं. गाडी सुरू होईना. "काय चाललंय? चला की!" मास्तर खेकसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की गाडीत दुसरं कोणी नाही. सवयीने ते शिकवणाऱ्याच्या सीटवर बसले होते.

खरं सांगायचं तर गेल्या कित्येक वर्षांत या पट्टीत गाडी मास्तरांनी स्वतः लावलीच नव्हती. रोजचा शेवटचा विद्यार्थी लावायचा. मास्तर शेजारी बसून मान हलवायचे.

ते उतरले, पलीकडून बसले आणि गाडी मागे घेतली. पहिली कुंडी कधी फुटली ते त्यांना कळलंच नाही. बाईंना हरवायला मांडलेल्या कुंड्या तशाच होत्या. बाईंना त्यांची अडचण नसल्यामुळे त्या उचलायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसरी कुंडी मात्र चांगली ऐकू आली. "कोणी ठेवल्यात इथे?" मास्तर ओरडले. तिसरीला चुकवायला चाक फिरवलं, तर खुर्ची गेली. खुर्चीला सोडवायला पुढे घेतली, तर पाटी गेली. शेवटी गाडी पट्टीच्या तोंडात तिरकी अडकली, एक टोक भिंतीला, दुसरं रस्त्यात, आणि टपावर 'शिकाऊ' असा मोठा फलक.

रस्त्याच्या कडेला कागदांची फाइल छातीशी धरून एक गृहस्थ उभे होते. साहेब. बरोबर सव्वापाच.

मास्तरांची बायको ओसरीच्या पायरीवर आली होती. साहेबांनी तिच्याकडे वळून अदबीने विचारलं, "यांना शिकायला लागून किती दिवस झाले?"

"सव्वीस वर्षं," ती म्हणाली.

साहेबांनी फाइलीत बघितलं, मग गाडीकडे, मग पुन्हा फाइलीत. मास्तर खिडकीतून उतरता येईल का बघत होते, कारण दार उघडायला जागा उरली नव्हती. "पट्टी जरा अरुंदच आहे, साहेब," ते आतून म्हणाले. बायकोने तोंड उघडलं. "तू बोलू नकोस!" मास्तर ओरडले.

या खटपटीत साडेपाच झाले आणि रस्त्यावर पिवळी गाडी येऊन थांबली. बाई उतरल्या. फुटक्या कुंड्या, मोडकी खुर्ची आणि तिरकी गाडी पाहून म्हणाल्या, "आज काय नवीन आहे, मास्तर?"

तीन आठवडे साठवलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. अर्धे खिडकीबाहेर, अर्धे आत, अशा अवस्थेत मास्तर गरजले, "काय नवीन? ही जागा माझी आहे! तीन आठवडे तुम्ही ती बळकावून बसलात. तुमच्या जागेत चादरी आणि माझ्या जागेत गाडी! मी पाटी लावली, कुंड्या मांडल्या, खुर्ची टाकून बसलो, तुम्हाला लाज नाही वाटली? आज माझा परवाना जातोय तुमच्यापायी!"

बाईंचा चेहरा खरंच पडला.

"पण तुम्हीच म्हणालात, रोज येऊन लावत जा, जागा तुमचीच समजा. माझ्या वहीत आहे ते, तारखेसकट."

"ते... ते असं म्हणतात!"

"आणि कुंड्या? खुर्ची? मला वाटलं, तुम्ही परीक्षा घेताय. तुम्ही सांगून कधी अडथळे ठेवलेत?"

मास्तरांच्या मनात एक प्रश्न मात्र अजून जळत होता. "मग स्वतःच्या पट्टीत का नाही लावत?"

"तिथे कशी लावणार?" बाई म्हणाल्या. "तुमची पाचवी पायरी आहे, भिंतीवरचा पाण्याचा पाइप आरशात दिसला की थांबा. आमच्या भिंतीला पाइपच नाही. थांबायचं कधी? दुसरीकडे कुठे लावायची, ते तुम्ही शिकवलंच नाहीत."

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि टोपण न उघडता उभे राहिले. "गाडी या जागेत मावते, हे मला बघायचं आहे. कोणीतरी लावून दाखवा."

मास्तरांना खिडकीतून ओढून काढायला बायको आणि साहेब असे दोघं लागले. बाईंनी पदर खोचला, त्याच वाटेने आत शिरल्या, पुढे घेतली, आरसा पाहिला, ओठांतल्या ओठांत पायऱ्या म्हणत मागे आल्या, आणि पाइपापाशी थांबल्या. एकदाच. उरलेल्या कुंड्या शाबूत. सगळ्यांना वाटलं आता टाळ्या वाजतील, पण कोणी वाजवल्या नाहीत. सवयीने मास्तरांची मान तेवढी हलली.

साहेबांनी लिहिलं आणि कागद मास्तरांच्या हातात दिला. परवाना मंजूर, पाच वर्षं. जागा पुरेशी. विद्यार्थिनीची तयारी उत्तम. खाली बारीक अक्षरात, 'चालकाने सराव करावा.'

मिशी वाचली होती, हे खरं. मास्तर स्वतःच्या हाताखालून कधी गेलेच नव्हते.

साहेब गेल्यावर बाईंनी कुंड्यांची खापरं गोळा केली, मास्तरांच्या गाडीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून रोज संध्याकाळी पाच वाजता या. मी बघते तुमचं."

मास्तरांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "कुठे यायचं?"

"इथेच," बाई म्हणाल्या. "जागा तुमचीच समजा."