भटूआप्पांचा नवारो

आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला, की त्याचं सामान टेम्पोतून उतरायच्या आत भटूआप्पा बोरसे जिन्याखाली हजर असतात. मदतीला नव्हे. आप्पांच्या कमरेत बाक आहे आणि दुसऱ्याचं सामान दिसलं की तो वाढतो. ते एकच गोष्ट विचारायला येतात. "मूल गाव कौनसा?" बिचारा भाडेकरू डोक्यावर गादी घेऊन उभा असतो. तो गंजम म्हणो, गोरखपूर म्हणो, नाही तर अंमळनेर म्हणो, आप्पा मान डोलावतात आणि निकाल देतात, "मतलब तू नवारो." एवढं बोलून ते वर निघून जातात. भाडेकरू गादी खाली ठेवतो, माझ्या दुकानात येतो आणि हळूच विचारतो, की या खोलीत आधी राहणारा नवारो कोणाचे पैसे बुडवून पळाला होता का.

माझं दुकान मोबाईलचं. सुरतेच्या पांडेसऱ्यात, आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर. कव्हर, चार्जर, रिचार्ज, फुटलेली काच बदलून मिळेल. मी दिनेश सोनवणे. नवारो प्रकरणाचा खुलासा करायचं काम माझ्याकडे आपोआप आलं, कारण आप्पांचं सगळं संशोधन माझ्या दुकानातल्या स्टुलावर आणि माझ्याच वायफायवर चालतं. चहासुद्धा माझाच असतो. त्यामुळे थोडीफार टिंगल करायचा हक्क मी राखून ठेवला आहे.

तर खुलासा असा, की नवारो हे स्पॅनिश आडनाव आहे. आणि पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलच्या घडी-पॅकिंग खात्यात जन्म काढलेल्या, शिंदखेड्याजवळच्या वरखेड्याच्या माणसाला ते चावलं आहे.

झालं ते असं. आप्पांच्या नोकरीची शेवटची वर्षं होती. पनामा देशाचा एक व्यापारी आपला माल बघायला मिलमध्ये आला. गोरा म्हणावा तर गोरा नाही, घामानं डबडबलेला, हसरा. मालकाचा भाचा इंग्रजीतून बोलत त्याला फिरवत होता. फिरत फिरत ते घडी खात्यात आले. आता आमच्या खानदेशी लोकांची ओळख करून घ्यायची एक रीत आहे. आधी गाव विचारायचं, मग आडनाव, मग त्या गावात त्या आडनावात आपली कोणती मुलगी दिली आहे ते काढायचं. एवढं जमलं की माणूस ओळखीचा झाला. नाव विचारायची पाळी सहसा येत नाही. माझ्या सासऱ्यांनी माझं नाव लग्नाची पत्रिका छापायला टाकताना विचारलं होतं.

आप्पांनी त्या पाहुण्याला रीतीप्रमाणे गाव विचारलं. भाच्यानं भाषांतर केलं. पाहुणा म्हणाला, पनामा. आप्पा म्हणाले, ते राहायचं झालं, मूळ गाव विचार. पाहुणा जरा थांबला. मग म्हणाला, की आडनाव नवारो आहे, म्हणजे आम्ही कधी काळी नवारा मुलखातले असणार. तो मुलूख स्पेनच्या उत्तरेला डोंगराला लागून आहे. पण मी तो पाहिलेला नाही. बापानं पाहिला नव्हता, आजानंही नाही. कोण कधी निघालं ते घरात कोणालाच ठाऊक नाही.

आप्पांच्या डोक्यात त्या दिवशी जे घुसलं ते अजून बाहेर आलेलं नाही. नावात गाव घेऊन फिरणारा माणूस, आणि त्यानं ते गाव पाहिलेलं नाही! मिलमधून मोकळे झाले आणि त्यांनी नवाऱ्यांचा शोधच हाती घेतला. भिंतीवर जगाचा नकाशा लावला. मी गिऱ्हाइकांना फुकट द्यायला आणलेल्या चमकीच्या टिकल्या त्यावर चिकटवल्या. मेक्सिको, कोलंबिया, चिली, क्यूबा, अर्जेंटिना, जिथे म्हणून नवारो सापडला तिथे टिकली. दक्षिण अमेरिका लग्नातल्या करवलीसारखी दिसायला लागली.

फिलिपिन्समध्ये ढिगानं नवारो आहेत हे कळलं तेव्हा आप्पा हरखले. पण तिथल्या बऱ्याच लोकांना स्पॅनिश गव्हर्नरनं फर्मान काढून, यादीतून आडनावं वाटली होती, हे पुढे वाचलं आणि त्यांचं तोंड कडू झालं. आडनाव काय रेशनचे तांदूळ आहेत, की पिशवी धरली आणि घेतले? दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, जणू तो गव्हर्नर मीच होतो. तिसऱ्या दिवशी येऊन फिलिपिन्सवरच्या टिकल्या काढायच्या की ठेवायच्या असं विचारलं. मी म्हटलं, ठेवा, त्यांनी कोणाचं काय बिघडवलं आहे. तर म्हणाले, "ठेवस. पन त्या कच्चा नवारो."

हे कच्चं-पक्कं प्रकरण आप्पांचं स्वतःचं आहे. त्यांचा सिद्धांत असा, की खुद्द नवाऱ्यात राहणाऱ्याला नवारो कोण म्हणणार? तिथे सगळेच नवाऱ्याचे. माणूस तिथून निघून दुसरीकडे गेला, की तिथले लोक म्हणतात, हा तो नवाऱ्याचा. "गाव सोडाबिगर गावनं नाव लागत नही, दिन्या." वाक्य चांगलं आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही दाद दिली होती. पण तेच वाक्य काच बदलत असताना, रिचार्ज करत असताना आणि एकदा तर माझ्या दाढदुखीत ऐकावं लागल्यावर त्यातली गोडी कमी होते.

तर या हिशेबानं सुरतेत सगळेच नवारो. दिवाळीला, होळीला गावी पळणारा तो कच्चा. ज्याचं गावातलं घर पडलं, तो पक्का. आमचे चेअरमन वल्लभकाका सौराष्ट्राकडचे, कतारगामात त्यांचं हिरे घासायचा कारखाना आहे. गच्चीवरची टाकी गळते म्हणून त्यांनी मीटिंग बोलावली होती. टाकीचा विषय निघायच्या आत आप्पांनी त्यांना भर सभेत सांगितलं, की तुम्ही दर दिवाळीला गाडी भरून गावी जाता, म्हणजे तुम्ही कच्चे नवारो. वल्लभकाकांचा चेहरा लालबुंद झाला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आ शुं बोले छे? गाळ छे?" मी सांगितलं, शिवी नाही, स्पॅनिश आडनाव आहे. त्यानं त्यांचं समाधान झालं नाही. टाकी अजून गळते आहे.

आप्पांचा मुलगा किरण अहमदाबादला असतो. चांगल्या कंपनीत आहे. त्याच्या दारावरच्या पाटीवर नुसतं 'किरण बी.' लिहिलेलं आहे, आणि कोणी विचारलं तर तो मूळ सुरतचा असल्याचं सांगतो. नातू आरव गुजराती फाडफाड बोलतो, आणि आजोबा अहिराणीत बोलायला लागले की फोन आईकडे देतो. किरण दर रविवारी फोन करतो. आप्पा त्याला तब्येत सांगत नाहीत, उरुग्वेमधले नवारो सांगतात. फोन मग लवकर संपतो. आप्पा म्हणतात, रेंज गेली. माझ्या दुकानात रेंज कधीच जात नाही, पण हे मी त्यांना सांगत बसत नाही.

वरखेड्याला आप्पांचं आता काही नाही. वाटणीत आलेली खोली पडली, त्यांची बायको, आमच्या काकू, जाऊन बरीच वर्षं झाली. तिकडे गेले तर पोरंसोरं 'सुरतवाला आप्पा उना' म्हणून ओरडतात. इथे मिलमध्ये त्यांना सगळे 'खानदेशी' म्हणायचे. एक गोष्ट मात्र दर वर्षी न चुकता व्हायची. श्रावण लागला की त्यांचा चुलतभाऊ हिंमत वरखेड्याहून फोन करायचा आणि विचारायचा, की तुमच्याकडचे किती धरू.

खानदेशाबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्यात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी गहू घेतात ते मुठीनं. भाऊकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. जो परगावी असेल त्याचीही मूठ धरतात. नाव घ्यायचं आणि मूठ ताटात सोडायची. त्या गव्हाचे रोट भाऊकीनंच खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही. बायकांची मूठ धरत नाहीत. त्यावर माझी बायको दर श्रावणात जे बोलते ते छापण्यासारखं नाही.

या श्रावणात हिंमतचा फोन उशिरा आला. आप्पा तेव्हा स्टुलावर बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मी आणि चार्जर घ्यायला आलेली एक बाई, दोघांनीही ऐकलं. हिंमत गोडच बोलला. भाऊकी फार मोठी झाली, रोट संपता संपत नाहीत, शहरातली माणसं खायला येत नाहीत, म्हणून औंदापासून सुरतवाल्यांनी सुरतेतच धरावं असं सगळ्यांनी ठरवलं म्हणाला. "तुम्ही आते तथलाच व्हई गयात ना, आप्पा."

आप्पा म्हणाले, "बराबर शे." फोन काउंटरच्या काचेवर उलटा ठेवला. मग मला म्हणाले, पेरू देशात बघ रे किती नवारो आहेत.

आता पुरते पक्के नवारो झालात, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्या बाईनं चार्जरचा भाव विचारला आणि माझं बोलायचं राहिलं. बरंच झालं.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आप्पांनी खिडकीतून हाक मारली, की मोबाईल घेऊन वर ये. मला वाटलं, पेरू सापडला. वर गेलो तर घर सारवल्यासारखं स्वच्छ. पाट धुऊन भिंतीशी उभा केलेला, नारळ आणलेला, देवीला घालायला एका वाटीत काकूंची नथ चिंचेच्या पाण्यात भिजत घातलेली. आप्पा अंघोळ करून, धोतर नेसून खाली बसले होते. पुढ्यात निवडलेल्या गव्हाचं सूप आणि रिकामं ताट. म्हणजे म्हाताऱ्यानं एकट्यानं कानबाई बसवायचं ठरवलं होतं.

मी दाराशीच थांबलो. त्यांनी मूठ भरली. "भटू." मूठ ताटात सोडली, वर पाव मूठ टाकली. "किरण." तसंच. किरण येणार नाही म्हणून कळवून बसला होता. "आरव." आरवचा फुटबॉलचा क्लास होता. भाऊकी तिथे संपली. पण आप्पांनी चौथी मूठ भरली आणि हात ताटावर धरून तसेच बसले.

"दिन्या," ते म्हणाले, "त्यानं नाव काय व्हई, देख बरं."

कोणाचं, म्हणून मी विचारलं. म्हणाले, नवारोचं.

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना सुनावलं, की तो पनामाचा, ख्रिस्ती माणूस, तुमच्या भाऊकीत कुठून आला? हिंमतला कळलं तर रोट बाटले म्हणून गावभर बोंब मारेल. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्याले भाऊकी कोठे शे? मंग त्यानी मूठ कोन धरी?"

 मी म्हटलं, मग नवारो म्हणा आणि सोडा. तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कानबाई कधी पाहिलीच नाही. देवीपुढे आडनाव कोण घेतं? भाऊकीत सगळ्यांचं एकच असतं. तिथे नावच लागतं. आणि ज्या माणसाचं आडनाव आप्पांनी अर्ध्या जगात हुडकलं होतं, त्याचं नावच त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घडी खात्यात त्यांनी गाव विचारलं, आडनाव कळलं, आणि आमच्या रीतीप्रमाणे ओळख पुरी झाली.

"त्यानी मन्हं नाव इचारं व्हतं," आप्पा म्हणाले. "बातू, बातू म्हने. जमे नही त्याले, तरी म्हने. तुन्हं गाव कितलं दूर, आसंबी इचारं. मी सांगं, एक रातनी गाडी. तं खांदावर हात ठेवा आन म्हने, तू नशीबवान शे. मी त्यानं नाव नही इचारं, दिन्या."

मी मोबाईलवर शोधायचं नाटक केलं. पनामाचे नवारो भराभर आले. एक दातांचा डॉक्टर, एक गाणारा, एक बॉक्सर, एक वकीलबाई. मी फोटो दाखवत गेलो आणि आप्पा मान हलवत गेले. मिटलेल्या मुठीच्या फटीतून एकेक दाणा खाली पडत होता. भरलेली मूठ सुपात परत टाकत नाहीत. मला त्यांची दया आली, आणि इतकी वर्षं ज्याची टर उडवली त्या कोण कुठल्या परक्या माणसाचाही एकदम जिव्हाळा वाटला. आपली मूठ कोणी धरतं आहे, याचा त्याला तिकडे पत्ताही नसणार.

आप्पांनी डोळे मिटले.

"भाऊ," ते म्हणाले, आणि मूठ सोडली. वर पाव मूठ टाकली.

मग भिंतीला धरून उठले. चक्कीवाल्यानं रोटांसाठी चक्की धुऊन ठेवली होती, तिथे आत्ताच जायला हवं होतं. जिना तीन मजल्यांचा, आणि आप्पांचा बाक माहीतच आहे. मी ताट उचलायला हात पुढे केला.

"तू सोनवणे," आप्पा म्हणाले. "तू हात नको लावू."

आणि चार जणांचे गहू स्वतः छातीशी धरून ते एकेक पायरी उतरायला लागले. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते. मी त्यांच्या मागून रिकाम्या हातानं उतरत राहिलो.