तपासणाऱ्याची सही

माझ्या हाताखालून गेलेला पंप गळत नाही! पंपांच्या कारखान्यात अठरा वर्षं तपासनीस आहे मी, आणि हे छाती फुगवून सांगतो. तेव्हा दोन पोरांना शाळेनंतरची शिस्त लावणं म्हणजे माझ्या हातचा मळ. निदान मला तसं वाटलं होतं.

बायको जाऊन सात महिने झाले होते आणि घराचे पार बारा वाजले होते. गृहपाठाच्या वह्या फ्रिजवर, मोजे फ्रिजमध्ये. थोरली अकरा वर्षांची, ती फक्त भांडायला तोंड उघडायची. धाकटा सात वर्षांचा. काहीही करताना गुणगुणत राहायचा, म्हणून त्याच्या आईने त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. ती गेल्यापासून भुंगा गुणगुणलाच नव्हता.

अशात मोठ्या मेहुणीबाईंचा फोन आला. "भावजी, शुक्रवारी येते मी. घराची घडी बसलेली दिसली नाही, तर मुलं माझ्याकडे राहतील. राग मानू नका."

राग कसला? पोरं गेली की या घरात उरणार कोण? मी आणि ते मोजे!

मी आठवड्याची रजा टाकली आणि कामाला लागलो. कारखान्यात प्रत्येक पंपाबरोबर एक कार्ड फिरतं. तशीच हिरवी कार्डं कापली. वर कामाचं नाव, खाली दोन रकाने, 'केलं' आणि 'तपासलं'. गृहपाठ, कपड्यांच्या घड्या, झाडांना पाणी, प्रत्येकाचं रोज वेगळं कार्ड. भिंतीवर नियम ठोकला: 'तपासणाऱ्याची सही नाही, तर काम झालेलं नाही. पुन्हा करा.'

"आपलं आपण तपासलं तर?" थोरलीने विचारलं.

"अजिबात चालणार नाही! तुझं मी तपासणार."

सोमवारी पोरं शाळेतून आली. मी रजेवर होतो, पण माझा फोन रजेवर नव्हता. चाळीस पंप अडकले होते, मी फोनवर ओरडत होतो, आणि भुंगा माझा शर्ट ओढत होता.

"बाबा, माझं कोण तपासणार?"

"नेहमी कोण तपासतं? तिच्याकडे दे!" मी फोनवर हात ठेवून म्हणालो. हल्ली थोरलीच त्याची वही बघते, असा माझा समज होता.

संध्याकाळी थोरलीची तीन कार्डं आली. भुंग्याचं एकही नाही.

"कार्डं कुठायत रे?"

"दिली."

"कशाला?"

"तपासायला."

थोरलीला विचारलं, तर ती उसळली. "मला कुठे दिलीयेत त्याने? तूच हरवली असशील! चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतोस तू!" त्यावरून आमचं तासभर वाजलं, आणि भिंतीवर टांगलेल्या गुणांच्या फळ्यावर भुंग्याच्या नावापुढे तीन शून्यं पडली.

मंगळवारी तेच. बुधवारी मी त्याचं खेळायला जाणं बंद केलं. पोरगं हूं की चूं करेना. खाली मान घालून अंधार पडेपर्यंत कामं करत राहायचं. मला वाटलं, चला, आला वठणीवर!

शुक्रवारी मेहुणीबाई आल्या. हातात भलीमोठी रिकामी बॅग. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. "याने चार दिवसांत एकही काम केलं नाही?"

"करेल हो, हळूहळू..."

एवढ्यात दार धडाधड वाजलं. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका! हातात निथळता कोट. "तुमच्या बाल्कनीतून धबधबा पडतोय! रोज वाढतोय! उद्या गिऱ्हाईक हा कोट घालणार की पिणार?"

आम्ही सगळे बाल्कनीत धावलो. भुंगा घोटाभर पाण्यात उभा, हातात बादली. कुंड्या तुडुंब. निवडुंगसुद्धा पोहत होता.

"अरे, किती पाणी घालशील!"

"आज पाच वेळा घालायचंय," तो म्हणाला. "सही झाली नाही ना. म्हणून सोमवारचं पुन्हा, मंगळवारचं पुन्हा, सगळंच पुन्हा."

थोरलीने त्याची वही आणली. तीच गणितं पानामागून पान.

पाणी पुसायला जुनी चादर हवी म्हणून मेहुणीबाईंनी कपाट उघडलं. बायकोचं कपाट. सात महिन्यांत मी त्याला हात लावला नव्हता. आत तिची कामावर न्यायची पर्स लटकत होती, आणि बाहेरच्या कप्प्यातून हिरवी कार्डं डोकावत होती. ती घरी आली की भुंगा आपली वही त्याच कप्प्यात कोंबायचा, आणि चहा घेता घेता ती तपासायची. हे मला तेव्हा आठवलं.

बारा कार्डं. 'केलं'समोर प्रत्येकावर वाकडंतिकडं 'भुंगा'. 'तपासलं' कोरं. शेवटच्या कार्डामागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आई लवकर कर. बाबा शून्य देतो.'

"ती नाहीये, माहितीये मला," भुंगा घाईघाईने म्हणाला. "पण बाबाच म्हणाला, नेहमी जी तपासते तिच्याकडे दे."

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो. पोरांसमोर, मेहुणीबाईंसमोर, शिंपीकाकांसमोर, अगदी हमसून हमसून. तिला निरोप देतानाही असा रडलो नव्हतो. तेव्हा आल्यागेल्याचं बघायचं होतं मला. थोरली पाण्यातून चालत आली आणि मला चिकटून बसली. भांडली नाही. शिंपीकाका बिचारे कोट पिळत राहिले.

शेवटी मेहुणीबाईंनी डोळे पुसून पेन पुढे केलं. "तपासनीस ना तुम्ही? मग तपासा."

ओल्या फरशीवर बसून, वही समोर ठेवून मी बाराही कार्डं तपासली. सोळा आणि सातची बेरीज पोराने दर वेळी बावीस केली होती. मी सही केली. अठरा वर्षांत असा माल पहिल्यांदाच सोडला.

जाताना मेहुणीबाईंनी रिकामी बॅग उचलली. "महिनाभर बघू," त्या म्हणाल्या. "आणि पोरगं बोलत असेल तेव्हा तो फोन खाली ठेवत जा, भावजी."

आता भिंतीवर माझंही कार्ड लागतं. पहिल्या दिवशी भांडी घासली, 'केलं'समोर झोकात सही ठोकली आणि कार्ड भुंग्याला दिलं. त्याने पातेलं उजेडात धरलं, आतून बोट फिरवलं आणि बारीक आवाजात गुणगुणायला लागला. सात महिन्यांनी! मी श्वास रोखून उभा. गुणगुणतच त्याने 'तपासलं'समोर मोठी फुली मारली.

"तळाला साबण आहे, बाबा. पुन्हा कर."

तेव्हापासून रोज मी तेच पातेलं तीनतीनदा घासतो. तळाला थोडा साबण मुद्दाम ठेवतो. कारखान्यात सांगू नका!