तेरावं मानांकन आणि चाळीस पौंड चक्का

चंद्रशेखरने परतीचं तिकीट शनिवारी सकाळचं काढलं, त्यामागे एकवीस वर्षांचा पुरावा होता. मुलगी ऋता इंडियानातल्या एका छोट्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होती. संघ आपली कॉन्फरन्स, म्हणजे आसपासच्या कॉलेजांची साखळी, जिंकून पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेत पोचला होता. पण त्या कॉन्फरन्सच्या एकाही संघाने एकवीस वर्षांत तिथे सामना जिंकलेला नव्हता. शुक्रवारी दुपारी आयोवात गाठ होती चौथ्या मानांकनाच्या संघाशी, तीही त्यांच्याच कोर्टवर. ऋताच्या संघाचं मानांकन तेरावं. चंद्रशेखर मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासणारा इंजिनिअर. आकड्यांपुढे तो भावनांचं काही चालू देत नसे.

शिवाय रविवारी तिथल्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा होता आणि दोनशे माणसांचं श्रीखंड त्याच्या गळ्यात होतं. म्हणजे त्यानेच हट्टाने घेतलं होतं. चाळीस पौंड चक्का त्याच्या गॅरेजमध्ये, सायकली टांगायच्या हुकांना लटकत होता. मार्चमधलं मिशिगनचं गॅरेज म्हणजे फ्रीजच.

"कपडे किती घेऊ?" पद्मजाने विचारलं.

"एका रात्रीचे. शुक्रवारी हरतील, शनिवारी दुपारी मी साखर फेटायला हजर."

"हे तिच्यासमोर बोलू नकोस."

शुक्रवारी सामन्याच्या मध्यंतराला मंडळाच्या सेक्रेटरी शोभाचा फोन आला. "काय शेखर, हरल्या का?"

"अजून नाही. दोन पॉइंटनी पुढे आहेत."

"पुढे? मग श्रीखंडाचं काय?"

"होईल गं! अजून वीस मिनिटं आहेत."

त्या वीस मिनिटांत व्हायचं ते झालंच नाही. शेवटची सात सेकंद उरली, तेव्हा ऋताचा संघ एका पॉइंटने पुढे आणि बॉल समोरच्या संघाकडे. त्यांची सहा फुटी खेळाडू बास्केटकडे झेपावली. मध्ये ऋता आली आणि धाडकन उताणी पडली.

"पडली!" चंद्रशेखर किंचाळला.

"पडली नाही, मुद्दाम उभी राहिली!" पद्मजा त्याच्या पाठीत बुक्के मारत ओरडली. "फाउल त्यांचा! बॉल आपला! जिंकलो रे!"

घामाने निथळत ऋता स्टँडपाशी धावत आली. "बाबा, फोन दे, सेल्फी काढू!" फोन तिच्या हातात गेला आणि नेमका त्याच क्षणी वाजला. स्क्रीन बघून तिचं हसू मावळलं.

"उद्या सकाळी सातची फ्लाइट? चेक-इन करा म्हणतायत. बाबा, यू थॉट वी'ड लूज?"

"तसं नाही गं, ते श्रीखंड..."

"आई, तुला पण माहीत होतं?"

पद्मजाने नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेत लग्नानंतरची सव्वीस वर्षं होती. चंद्रशेखरला आकड्यांचा प्रथमच राग आला.

"चुकलं माझं," तो म्हणाला आणि तिच्यासमोर तिकीट कॅन्सल केलं.

"नवीन कधीचं काढणार?"

"काढतच नाही."

सेल्फी मात्र ऋताने काढली. चंद्रशेखरचे डोळे मिटलेले आले.

शनिवारी श्रीखंडाची जबाबदारी शोभाच्या नवऱ्यावर, सुमंतवर पडली. सुमंत दातांचा डॉक्टर. त्याने चंद्रशेखरच्या गॅरेजमधून व्हिडिओ कॉल लावला. पाठीमागे चक्क्याची गाठोडी लोंबत होती.

"शेखर, वीस पौंड साखर? आर यू सीरियस?"

"चक्क्याच्या निम्मी. घाल."

"अरे, आयुष्यभर पेशंटना काय सांगत आलो मी?"

"मग त्यांनाच बोलव फेटायला!"

सुमंतने विवेकाला स्मरून बारा पौंडच घातली.

रविवारी दुसरा सामना. मध्यंतराला शोभाचा फोन आला, पण आवाज खाली गेलेला. "शेखर, हरणार नाहीत ना रे? आम्ही पाडव्याचं नाटक थांबवून पडद्यावर मॅच लावलीय. श्रीखंड आंबट झालंय, पण कुणाचं लक्षच नाही."

ऋताचा संघ सहा पॉइंटनी हरला. पण शेवटच्या मिनिटापर्यंत समोरच्या संघाला घाम फोडून हरला, आणि बारा हजार परके प्रेक्षक उभे राहून त्या पोरींसाठी टाळ्या वाजवत होते. पद्मजा रडत होती. चंद्रशेखर आपण रडत नाही असं सगळ्यांना सांगत होता.

मग परतीचा प्रश्न आला. विमानं बुधवारपर्यंत भरलेली, भाड्याची गाडीही मिळेना. ऋताने कोचला विचारलं. संघाच्या बसमध्ये मागच्या दोन सीट रिकाम्या होत्या. इंडियानातून पुढे ऋता त्यांना स्वतः घरी सोडणार होती.

बसच्या दाराशी ड्रायव्हर यादी घेऊन उभा होता. या दोघांना बघून त्याने पेन थांबवलं. "टीम ऑर स्टाफ?"

चंद्रशेखर अडखळला. प्रश्न रास्त होता. ज्याने शुक्रवारचीच हार गृहीत धरली होती, त्याने काय सांगायचं?

"टीम," मागून ऋता म्हणाली. डोळे लाल, कोपराला बर्फाची पिशवी बांधलेली. "दे आर विथ मी. बाबा, चल ना, पटकन चढ."

ड्रायव्हरने यादीत दोन नावं वाढवली. बस निघाली आणि अर्ध्या तासात थकलेल्या पोरी एकेक करून झोपून गेल्या. हरलेल्या संघाच्या त्या बसमध्ये चंद्रशेखर मात्र थेट इंडियानापर्यंत ताठ बसून होता, जणू कप त्याच्याच मांडीवर ठेवलेला होता.