गुन्वोरबाईंच्या दाताचं बांधकाम

स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरासमोरच्या एका खडकाळ बेटावर नवं काही बांधायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते. म्हणून बांधकाम निरीक्षक येर्कर लुंडमार्क फेरीबोटीतून उतरून गुन्वोर स्कूग यांच्या दारात आले, तेव्हा बाईंनी कॉफी पुढे केली.

"वर्षभरात पाया घालून काही कायमचं उभारलंत?"

"एकच," म्हणत बाईंनी वरचा ओठ उचलून दाखवला.

बहात्तराव्या वर्षी धक्क्यावर पाय घसरून त्यांचा पुढचा दात गेला होता. दातांच्या डॉक्टर शिरीन दानेशवर यांनी तिथे जबड्याच्या हाडात टायटेनियमचा स्क्रू बसवला होता. हाडानं तो घट्ट धरला होता. आता वर दात चढवायचा, की झालं. जूनमधल्या मिडसमरच्या सणाला बाईंचं बंदरातल्या सिक्स्टेनशी लग्न होतं.

येर्कर हसले नाहीत. हसणं त्यांच्या अधिकारकक्षेत येत नव्हतं.

"पाया पक्का आहे?"

"डॉक्टर म्हणतात, मी गेले तरी तो राहील."

"मग वरचं काम थांबवा. शेजाऱ्यांच्या हरकती मागवाव्या लागतील."

शेजारीण म्हणजे मायवोर. तिनं तत्परतेनं हरकत घेतली: दात पडल्यापासून गुन्वोर कमी बोलते, ही शांतता परिसराचा ठेवा आहे.

सभागृहात जाहीर सुनावणी झाली. दालचिनीचे पाव होते, त्यामुळे सगळं बेट लोटलं. नवं बांधकाम जुन्या परिसराशी मिळतंजुळतं हवं, असा नियम. आणि बाईंचा जुना परिसर कॉफीनं पिवळा पडलेला. लगेच शुभ्र गट आणि लोणी गट पडले. लोकांनी रांगेत येऊन बाईंच्या तोंडात डोकावून पाहिलं. एका म्हाताऱ्या नावाड्यानं शपथेवर सांगितलं, की गुन्वोर 'स' म्हणाली की फटीतून शिट्टी वाजते आणि धुक्यात त्या शिट्टीच्या आधारावर तो बोट किनाऱ्याला लावतो. फट सार्वजनिक सुविधा ठरली. निर्णय लांबणीवर पडला.

"अगं, जाऊ दे ना," सिक्स्टेन म्हणाला. "मी काय दात मोजून मागणी घातली होती?"

"तू गप्प बस. पहिल्या लग्नाच्या फोटोत सासूच्या धाकानं तोंड मिटून उभी होते. या फोटोत मला हसायचंय."

बाईंनी येर्करना गाठलं. "तात्पुरत्या बांधकामाला परवानगी लागते?"

"तंबू, मांडव यांना नाही."

"मग मी दाताचा मांडव घालते."

डॉक्टरांनी काढता-घालता येणारा दात करून दिला. लग्नात पाद्र्यानं विचारलं, बाईंनी मोठ्या आनंदानं "हो" म्हटलं, आणि त्या हकारासरशी दात उडाला तो थेट पहिल्या रांगेतल्या मायवोरच्या टोपीत जाऊन पडला. चर्चमधल्या साऱ्या माना टोपीकडे वळल्या. मग बाईच पहिल्यांदा हसल्या, फटीसकट. त्यांच्यामागून सिक्स्टेन, मग पाद्री. फोटो तेवढ्यात निघाला.

मांडवाची पाहणी करायला आलेले येर्कर मात्र उठून उभे राहिले. "हे शेजारच्या हद्दीत अतिक्रमण आहे. तात्पुरतं बांधकाम धोकादायक. पक्कं ताबडतोब करा."

संमती हवी होती मायवोरची. टोपी झटकत तिनं उभ्या उभ्या सही केली. पुढच्या आठवड्यात बाईंचा दात चढला, लोणी रंगाचा.

बेटावर आजही सगळ्यांचं एकमत आहे, की असला कायदा मूर्खपणाचा आहे. मात्र येर्करना परतीची बोट मिळायला वेळ लागला, कारण धक्क्यावर गर्दी होती. एकाला शेजाऱ्याच्या ढेरीनं समुद्राचा देखावा अडवल्याची तक्रार करायची होती, दुसरीला जावेच्या नाकाच्या उंचीबद्दल. मायवोरनं सिक्स्टेनच्या मिशा मोजून आणल्या होत्या.

हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल. हसा की. फक्त तुमचे दात कुणाच्या खिडकीतून दिसतायत, तेवढं बघून घ्या. आणि तुमच्या खिडकीतून कुणाचे दिसतात, ते तर तुम्हाला माहीत आहेच.